सातव्या अंकाशी

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल डोक्याचे टाके काढले. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, सोमवारपासून क्रेन चालवायला हरकत नाही. तुझी भावजय विचारते, ते शाबूत होतं कधी?

पण चढण्याआधी तुझी परीक्षा देईन असा तुला शब्द दिलाय, तेव्हा आधी ती. बाबांनी पाठ करून घेतलेला आकडा, कुठेही न बघता:

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५

हा आकडा लिहिलेला तुझ्याकडे नाही, पण त्यावाचून अडत नाही. पहिल्या दोन अंकांना दोननं भाग जातो, पहिल्या तिनांना तीननं, असं थेट पंचविसापर्यंत. पुढे कुठलाही अंक जोडला की डाव मोडतो. मी एक अंक जरी चुकलो तरी भागाकार चहाडी करेल.

क्रेनखाली दिवसभर माणसं वावरतात. आकडा चुकला असेल तर मी चढणार नाही. निकाल लवकर कळव, आणि लोभ कमी करू नकोस.

तुझा,
लंबू

६ मार्च

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद.

पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना गणितात नापास केलं, पण कधी जड गेलं नाही. आज जातंय.

सहापर्यंत सगळं नीट. मग ३६०८५२८ ला सातनं भागलं. शेवटी अठ्ठावीस उरले. सात चोक सत्तावीस, बाकी एक. दोनदा केलं, दोन्ही वेळा एकच उरला. पुढे बघायची हिंमत झाली नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. पण चढू नकोस. मोठी असून हात जोडते. माया आहे म्हणूनच कठोर लिहिलं.

तुझी,
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोमवारी साहेबांना जाऊन सांगितलं. क्रेन दुसऱ्याला दिली, मला गोदामात बसवलं. तुझं गणित चुकेल हे डोक्यातच आलं नाही.

काल तुझ्या भावजयीनं पत्र वाचायला घेतलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी पाढा मोठ्यानं म्हटला. सात चोक अठ्ठावीस, ताई. बाकी उरत नाही. पुढचे भागाकारही आम्ही दोघांनी केले, सगळे बरोबर.

आधी आनंदानं ओरडलो, मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. घाईत झालं असेल म्हणावं, तर दोनदा केलंस. ज्या पाढ्यासाठी तू मला पट्टी मारलीस तो हा पाढा.

पुढच्या शनिवारी दोघं येतो. डॉक्टरांकडे जाऊ. हवं तेवढं रागाव, पण नाही म्हणू नकोस. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
लंबू

१४ मार्च

चि. लंबूस,
आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझा भयंकर राग आला. मला शिकवायला निघालास! तिरीमिरीत कागद घेऊन पाढा लिहायला बसले. सात त्रिक एकवीसपर्यंत सरळ आले. पुढे सत्तावीस लिहिलं आणि मला ते बरोबरच वाटलं.

तुझं पत्र शेजारी ठेवलं तेव्हा पटलं. पत्र पालथं घालून पाढा पुन्हा लिहिला, तर पुन्हा सत्तावीस.

तुझी क्रेन मागून घे. साहेबांना सांग, चूक बहिणीची होती. आणि शनिवार मला फार लांब वाटतो. पत्र मिळताच असशील तसा निघून ये.

तुझी,
ताई