आठ सेकंदांची शांतता

३ फेब्रुवारी
पहिला दिवस, आणि मस्त गेला! महूहून सकाळची बस पकडली. स्टुडिओ तुकोगंजात, खाली दाताचा दवाखाना. मालक लक्ष्मीकांतजी स्वतः चहा घेऊन आले. जयसिंगराव म्हणून एक गायक होऊन गेले, त्यांच्या घरगुती मैफिलींच्या चाळीस टेप साफ करायच्या आहेत. खोकले, कुकरच्या शिट्ट्या, सगळं काढायचं. खोकला कापला की तिथे खड्डा पडतो, म्हणून त्याच खोलीतली रिकामी शांतता चिकटवायची. इथली रीत मजेची: प्रत्येक फाइलच्या तोंडाशी आपल्याच आवाजात टेपचा नंबर आणि आपलं नाव बोलायचं. ‘टेप एक, संबोधी.’ बाबा असते तर हसले असते.

५ फेब्रुवारी
यार, लोक गाणं ऐकायला यायचे की खोकायला? एका टेपमध्ये सत्तेचाळीस खोकले! शांत जागा सापडता सापडेना. शेवटी टेप नऊमध्ये, तंबोरे सुरू व्हायच्या आधी, आठ सेकंद मिळाले. इतकी स्वच्छ शांतता मी कधी ऐकली नव्हती. तोच तुकडा सगळीकडे लावतेय, माझ्या नाव-नंबरच्या मागेपुढेही. माझ्या आधीच्या मनीषने अर्धं काम करून ठेवलंय, पण नाव-नंबर कुठेच बोललेला नाही. कामचोर.

८ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत घरचं काम केलं. बाबांनी गायलेला भीमपलास, अकरा मिनिटं. जायच्या महिनाभर आधी मीच फोनवर घेतलेला. त्यांचा आवाज एवढाच उरलाय. मध्ये तीनदा खोकलेत. शेवटी आई म्हणते, पुरे आता, औषध घ्या. तेवीस तारखेला बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हे लावायचं, असं आईला कबूल केलंय. खोकले कापले, टेप नऊचीच शांतता लावली, जुन्या फाइलवरच नवी सेव्ह केली. छान झालंय. आईलाही पाठवलं.

११ फेब्रुवारी
दिमाग खराब! आठ सेकंदांचे तुकडे अकरा सेकंदांचे झालेत. तानांची टोकं गिळलीत. मी मोजून लावले होते, मोजून! सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, सगळे तुकडे पुन्हा आठवर आणले. लक्ष्मीकांतजी म्हणाले, बेटा, जरा ध्यान देऊन करत जा. जणू मी इथे झोपा काढते.

१३ फेब्रुवारी
आज सतरा सेकंद. टेप चारमध्ये बंदिशच नाही. माझं नावही सगळ्या फाइलींमधून गायब. चिडून मनीषला फोन लावला. उचलला, पण बोलेना. मी वाटेल ते बोलले. मग त्याचा मेसेज आला: आठ महिने झाले, आवाज नाही, डॉक्टरांना काही सापडत नाही. खाली एकच प्रश्न. टेप नऊ वापरलीस का?

१४ फेब्रुवारी
घसा बसलाय. थंडीने असेल. थंडीनेच.

१५ फेब्रुवारी
आवाज नाही. ताप नाही, दुखत नाही. खालच्या दवाखान्यातल्या कंपाउंडर भियाने विचारलं काय झालं. तोंड उघडलं — नुसती हवा.
मग बाबांची फाइल आठवली.

१५, दुपार
अकरा मिनिटं आहेत. गाणं नाही. मूळ फाइल मीच पुसली, मूर्ख, मूर्ख मी —
कापलेले तीन खोकले मात्र कचऱ्याच्या फोल्डरमध्ये पडून आहेत. बाबांचे तेवढेच उरले. तिन्ही ऐकले. किती वेळा ते मोजलं नाही.
शेवटी आई आहे अजून. पुरे आता, औषध — पुढचं ‘घ्या’ नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळ
पुरे — एवढंच.
आईला मेसेज केला. ती वाचणार नाही. तिला फोनच करायची सवय —

दहा वाजता
आईचा फोन. उचलला. तिच्याकडे भाजीवाला ओरडतोय, कुकर होतोय. म्हणजे लाइन चालू आहे. आई आहे तिथे. मला बोलता येत नाही, पण ती — ती का बोलत नाही — आई, खोक तरी, एकदा तरी खो