शिरोळच्या नऊजणी आणि एक एकर मैदान

मी, श्रीमती रत्नव्वा सोमशेखर मठपती, वय ७४, निवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार शिरोळ, जिल्हा कोल्हापूर, आज पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र करून ठेवते. तब्येत ठणठणीत आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी असा दस्त केलेला नाही. कोणी दाखवलाच तर तो खोटा समजावा.

१. माझे पती वारले आहेत. विद्याश्री ही माझी एकुलती मुलगी, बेसबॉलची पंच. थोरले बंधू शिवय्या गावातच राहतात, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

२. राहते घर, परसातली दोन नारळाची झाडे आणि माझे सर्व दागिने विद्याश्रीला मिळावेत. घर विकायचे की ठेवायचे हे तिचे तिने ठरवावे, कोणी सल्ला देऊ नये.

३. नृसिंहवाडी रस्त्यालगतची उंचावरची एक एकर जमीन मला वडिलांनी नोंदणीकृत बक्षीसपत्राने दिली. मी तिथे ऊस लावला नाही, गावातल्या मुलींना बेसबॉल शिकवला. वडील गेल्यावर शिवय्याअण्णा म्हणाले, “पोरी चड्ड्या घालून नाचत्यात तिथं. ऊस लाव, न्हाईतर जमीन मला दे.” मी दोन्ही केले नाही. अण्णा कोर्टात गेले. निकाल माझ्या बाजूने लागला आणि त्या दिवशीही सराव वेळेवर सुरू झाला. ही जमीन माझ्यामागे मैदान म्हणूनच राहील. तिचा विश्वस्त न्यास करावा आणि कलम ५ मधल्या नऊजणी त्याच्या विश्वस्त असाव्यात.

४. या नऊजणी मी का निवडल्या, तेही लिहिते. गेल्या वर्षी एका क्रीडा संस्थेने बेसबॉलच्या सर्व काळातल्या सर्वोत्तम नऊ खेळाडू जाहीर केल्या. त्यात मी शिकवलेल्या शिरोळच्या मुलींपैकी एकटी क्रांती होती. मी सभेत उठून विचारले, “बाकीच्या कुठं गेल्या?” अध्यक्ष हंबीरराव म्हणाले, “बाई, ही कमिटीची निवड हाय. पटत न्हाय तर तुमची तुम्ही करा.”

“करतो की,” मी म्हणाले, “आणि रजिस्टर करून देतो.”

सभागृह हसले. आज ते काम मी पुरे करते आहे. हंबीररावांना या दस्ताची एक नक्कल द्यावी.

५. चेंडू फेकणारी, म्हणजे पिचर, क्रांती चौगुले. ती मला उसात डुकरे हाकताना सापडली. तिचा एकही दगड वाया जात नव्हता. पहिल्या बेसवर पद्मजा, कारण तिचे हात लांब आहेत आणि वाकडा आलेला चेंडूही ती सरळ करून घेते. दुसऱ्या बेसवर गौरव्वा आणि तिच्या शेजारी शॉर्टस्टॉपला इंदुमती. या सख्ख्या बहिणी, घरी महिनोन्‌महिने अबोला, पण मैदानावर एकीने बघायच्या आत दुसरीचा चेंडू तिच्या हातात असे. तिसऱ्या बेसवर जयमाला. ती अजून कॉलेजात आहे, म्हणून जुन्या मुली नाराज होतील. त्यांनी तिचा खेळ एकदा बघून यावा. मागच्या मैदानात डावीकडे महानंदा, मध्ये नसीमा, उजवीकडे अलका. उजवीकडे चेंडू कमी येतो. तरी पहिल्या बेसकडे चेंडू फेकला की अलका दर वेळी पद्मजाच्या मागे धावत जाई, चुकून सुटला तर असावे म्हणून. बहुतेक वेळा सुटायचा नाही, तरी ती जायची.

नववी जागा कॅचरची. तिथे मी मोना माने हिला निवडते.

६. यावर बोलणे होईल म्हणून खुलासा करते. कॅचर बॅटवालीच्या मागे उकिडवी बसते, बॅट तिच्या नाकासमोरून फिरते. शाळेपासून आमची कॅचर विद्याश्रीच होती. राज्य स्पर्धेची अंतिम लढत कोल्हापुरात होती, समोर पुण्याचा संघ. त्या वर्षी क्रांतीच्या चेंडूला भयंकर वेग आला होता. उपांत्य सामन्यात मला दिसले की बॅट फिरली की विद्याश्री डोळे मिटते. अंतिम सामन्याच्या सकाळी मी संघ वाचून दाखवला आणि कॅचर म्हणून बदली खेळाडू मोनाचे नाव घेतले.

विद्याश्री मला बाजूला घेऊन म्हणाली, “अव्वा, मी तुझी लेक हाय म्हणून बसवतीस काय? लोक बोलतील म्हणून?”

“लेक हाईस म्हणून न्हाय. डोळं मिटतीस म्हणून.”

ती बाकावर जाऊन बसली. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. पुण्याची एक मुलगी तिसऱ्या बेसवर, बाद एकच; तिघी बाद झाल्या की डाव संपतो. बॅटवालीने चेंडू लांब मारला. नसीमाने पळत जाऊन तो झेलला, पण झेल होताच तिसऱ्या बेसवरची मुलगी होम प्लेटकडे, म्हणजे मोना बसली होती तिकडे, सुटली. ती पोचली असती तर बरोबरी होती. नसीमाने तिथूनच चेंडू फेकला. चेंडू आणि मुलगी दोन्ही मोनावर एकदमच आले. दोघी धुळीत लोळल्या. पंच वाकून बघत राहिले. मग मोनाने हात वर केला. ओठ फुटून रक्त येत होते आणि ग्लोव्हमध्ये चेंडू होता.

शिरोळने राज्य जिंकले. मैदानात सगळ्यांत आधी धावली ती विद्याश्री. तिने मोनाला खांद्यावर उचलून घेतले. माझ्याशी मात्र ती दिवाळीपर्यंत बोलली नाही. माझा निर्णय बरोबर होता आणि आजही मी तोच घेईन.

पुढे ती पंच झाली. मुख्य पंच कॅचरच्याच मागे उभा राहतो आणि त्याला डोळे मिटून चालत नाही. आज ती राष्ट्रीय सामन्यांना उभी राहते. हा मसुदा करताना मी तिला विचारले, “कॅचर कोण लिहू?”

ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, “मोना लिही. त्यात इचारायचं काय हाय?”

घर योग्य माणसाला जाते आहे, याची मला तेव्हा खात्री पटली.

७. शिवय्याअण्णांना पुढील हक्क देते. मोठ्या पुरात त्यांच्या गोठ्यात पाणी शिरले तेव्हा त्यांच्या म्हशी याच मैदानावर उभ्या होत्या. मुलींनी त्यांना वैरण घातली. तेव्हापासून अण्णा सामने बघायला येतात, खुर्ची घरून आणतात. यापुढेही पुरात त्यांची आणि त्यांच्या मुलानातवंडांची जनावरे मैदानावर बांधावीत. फक्त पिचरच्या उंचवट्यावर बांधू नयेत.

८. बँकेतल्या ठेवी न्यासाकडे जाव्यात, त्यातून मुलींना बूट आणि साहित्य घ्यावे. कोल्हापूरच्या पिराजीने चपलेच्या कातड्यातून शिवून दिलेला आमचा पहिला ग्लोव्ह मोनाला द्यावा. फलंदाजीचा क्रम नऊजणींनी आपसात ठरवावा. भांडण होईल, ते होऊ द्यावे.

९. या दस्ताची अंमलबजावणी ॲड. अमरसिंह घोरपडे यांनी करावी.

१०. माझ्या मृत्यूच्या दिवशी सामना असेल तर तो रद्द करू नये. अंत्ययात्रा मैदानावरून न्यावी आणि चालू डाव संपेपर्यंत थांबवावी. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून नेतात, त्यामुळे मला खेळ नीट दिसेल. तोंड होम प्लेटकडे करावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो बरोबर आहे.

ठिकाण : शिरोळ
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५

सही : रत्नव्वा सोमशेखर मठपती

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही केली :
१. डॉ. राजवर्धन इंगळे, शिरोळ
२. आदर्श पाटणे, मुख्याध्यापक, शिरोळ