आक्काची मंगलाष्टकं आणि माझी साफसफाई

१२ ऑक्टो., रवि.
माधव नगरला आक्काकडे. माझ्या या थोरल्या बहिणीच्या फोनची आज डागडुजी. अक्षरं मोठी केली, पहिल्या पडद्यावर फक्त चार माणसं, फोटोसकट. सगळ्यात वर मी. (मीच लावला.)
मग तिने माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या लग्नासाठी रचलेली मंगलाष्टकं गायली, मी माझ्या फोनवर रेकॉर्ड केली. कागदावर एक ओळ नाही, सगळं डोक्यात. चारचौघांत गायला लाजते, म्हणून लग्नात हे रेकॉर्डिंगच लावायचं ठरलं.

१९ ऑक्टो.
उद्या लक्ष्मीपूजन. बायकोने, सुमनने माळा झाडला, मी फोन. सुप्रभातची फुलं, डबल फोटो, सगळं साफ. पुसलेलं महिनाभर टोपलीत पडून राहतं. म्हटलं, लक्ष्मी यायची आणि घरात केर? टोपल्याही रिकाम्या केल्या. एकदम प्रसन्न.

२२ ऑक्टो., पाडवा
इंदूरहून आलेल्या मुक्ताने आत्याचं गाणं ऐकायला मागितलं. नाही. कुठेच नाही.
सुमन म्हणाली, केर काढताना आधी बघतात. पाडव्याची ओवाळणी घेऊन झाल्यावर हे बोलली, तेवढंच त्यातल्या त्यात बरं.

त्याच दिवशी, दुपारी
स्वतःसाठी टीप:
– काही पुसलं गेलं की आधी फोन वापरणं बंद. नवे फोटो जुन्याच्या जागेवर बसतात. (मी तोवर रांगोळीचे अकरा काढले होते.)
– टोपली प्रत्येक ॲपची वेगळी. मी एकही सोडली नव्हती, हुशार ना.
– बॅकअप बघणे. फोटोंचा चालू, आवाजाचा बंद.
शेवटी एक रिकव्हरी ॲप घेतलं. तासभर फिरलं आणि सुप्रभातची सगळी फुलं परत आणून दिली. मुक्ता हसून हसून सोफ्यावरून घसरली. मीही हसलो, पण उद्या भाऊबीज. आक्कासमोर पाटावर कुठल्या तोंडाने बसू?

२३ ऑक्टो., भाऊबीज
नानाखेड्याच्या आमच्या घरून निघताना ठरवलं, जेवणानंतर सांगू. तिने कुंकू लावलं आणि माझ्याने राहवलं नाही, तिथेच सांगून टाकलं. निरांजन तिच्या हातात तसंच. मला फार वाईट वाटत होतं.
ती म्हणाली, "टेन्शन नको घेऊ रे. तू ऐकलं होतंस ना ते? शेवटपर्यंत?"
नव्हतं. ती गात होती तेव्हा मी आवाजाची पट्टी नीट हलतेय का तेवढंच बघत होतो. नंतर एकदाही लावलं नाही. फोनमध्ये आहे म्हणजे आहे.
खरं तेच सांगितलं.
"अच्छा," म्हणाली, आणि ओवाळलं. श्रीखंड दोनदा वाढलं, म्हणजे राग नसावा.

२५ ऑक्टो.
सकाळी आक्काचा फोन. चौथं कडवं बिलकुल आठवत नाही म्हणते. नवं रचावं लागेल. उद्या इकडे येते आहे. मी म्हटलं, या वेळी दोन फोनवर घेऊ, बॅकअपही चालू केलाय.
"ते नंतर," म्हणाली. "आधी फोन आतल्या खोलीत ठेव अन् समोर येऊन बस. तुझ्यासमोर जमलं तर मांडवातही बघू."
जमेल का, तिलाही ठाऊक नाही. मी बसणार आहे.