वाफा नंबर एकचा ताबा

१२ ऑक्टोबर, रविवार. सायंकाळी ६

कॉलनीच्या परसबागेच्या चिठ्ठ्या आज निघाल्या. मारुतीच्या देवळामागची ओपन स्पेस. बारा वाफे, एक बोअर, एक नळ. घराला एकच वाफा. नंबर एक नळाच्या तोंडाशी, दिवसभर ऊन, माती काळी. अख्ख्या अंबाजोगाईत अशी दहा बाय बारा सापडायची नाही. बत्तीस वर्षं महसुलात काढून सर्कल म्हणून रिटायर झालो आहे, जमीन मला बघताक्षणी कळते. एक नंबर माझाच होता.

निघाला शहादेवला. रिटायर्ड एसटी कंडक्टर. मला नऊ. लिंबाच्या झाडाखाली.

मी एवढंच सुचवलं की चिठ्ठ्या नीट हलवलेल्या नव्हत्या, प्रक्रिया पुन्हा व्हावी. त्यावर शहादेव सगळ्यांदेखत म्हणाला, "सर्कलसाहेबाला वाफा कावून पायजे? नुसता सातबारा द्या, घरी लावत्याल." सगळे हसले. अध्यक्ष प्रियदर्शनी मॅडम कॉलेजात शिकवतात, त्याही हसल्या. आमच्या सौ. वनमालाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

नोंद: याचा बदला घेतला जाईल. कायदेशीर मार्गाने.

१३ ऑक्टोबर. सकाळी

निश्चय. १) रोज पहाटे पाचला उठणे. २) वाफा नऊ असा करणे की एक नंबरने तोंड लपवावे. ३) एक नंबर मिळवणे. ४) मिळाल्यावर शहादेवला सगळ्यांदेखत दोन शब्द सुनावणे. शब्द तयार करून ठेवणे.

पहाटे जाग आली नाही. उद्यापासून.

१८ ऑक्टोबर

वाफा खणला. सव्वा हात खणला. कंबर धरली. माती चांगली नाही, त्यात मुळ्या आहेत. सौ. म्हणाली, द्या कुदळ इकडे. मी दिली नाही. कुदळ देवळाच्या भिंतीला टेकवून घरी आलो. संध्याकाळी बघतो तर वाफा पूर्ण खणलेला. सव्वा हाताचा अंदाज चुकला असणार. दमल्यावर माणसाला आपलं काम कमी दिसतं.

५ नोव्हेंबर

शहादेवच्या वांग्यांची रोपं गुडघाभर. आमच्यात सौ.ने टाकलेला पालक-मुळा आत्ता कुठे उगवतोय. काटेरी वाण, धर्मापुरीच्या पाहुण्याकडून आणलेला. गुडघ्यावरून आठवलं. पाशाभाई सांगत होता, शहादेवला दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायला मुलगा पुण्याला नेणार. दोन महिने तरी येत नाही. पाशाभाई मोटर मेकॅनिक. बोअरची मोटर तोच चालू करतो, वाफा त्याच्या बायकोच्या, सईदाच्या नावावर आहे. बातमी पक्की.

चहा निवला तरी कळलं नाही. डोक्यात अख्खा मसुदा उतरला.

९ नोव्हेंबर, रविवार. मीटिंगनंतर

ठराव पास! मसुदा माझा, अक्षर माझं. शीर्षक "कसेल त्याचा वाफा". प्रत्येकाला आठवड्याला दोन पाळ्या पाण्याच्या. सलग चार पाळ्या ज्याने वाफ्याला पाणी दिलं नाही त्याचा वाफा पडीक. पडीक वाफा जो चार आठवडे सलग कसेल, त्याचा. निर्णय दर महिन्याच्या मीटिंगमध्ये.

प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, आजारी माणसाला सवलत ठेवू या. मी उभा राहिलो. म्हणालो, अपवाद घातला की कायदा मरतो. मला स्वतःला, माझ्या घरच्यांनासुद्धा सवलत नको. यावर टाळी पडली. पहिली टाळी सौ.ची होती. माणसाला घरातून असा पाठिंबा हवा.

शहादेवनेही हात वर केला! स्वतःच्या हाताने! वर म्हणाला, "बराबर हाय. जिमीन रिकामी ठेवू ने." मला हसू दाबायला मारुतीकडे तोंड करावं लागलं.

१० नोव्हेंबर

शहादेव पुण्याला गेला. जाताना माझ्या दारात येऊन म्हणाला, "वांग्याकडं ध्यान ठिवा साहेब." ठेवतो म्हणालो. ठेवणारच आहे.

गुडघ्यांचं वाईट वाटतं. वाफ्याचं वाटत नाही.

२१ नोव्हेंबर

चौथी पाळी चुकली. वाफा नंबर एक आज अधिकृतपणे पडीक. पंचनामा केला. पंच मिळाले नाहीत, म्हणून मीच दोन सह्या केल्या, एक डाव्या हाताने. वांगी माना टाकून आहेत.

२४ नोव्हेंबर, सोमवार. पहाटे ५.१०

उठलो! माकडटोपी, मफलर, टॉर्च. सोमवार-गुरुवार माझी पाळी. गैरहजराचं पाणी पुढच्याला जातं, म्हणून माझ्या पाळीचं पाणी एक नंबरला सोडलं. गुप्तता महत्त्वाची. आधी कळलं तर दुसरा कुणीतरी कसायला बसेल.

पाशाभाईने मोटर चालू करताना पाहिलं. त्याला बाजूला घेऊन सांगितलं, कुणाला बोलायचं नाही. त्याने छातीला हात लावला. म्हणाला, "साब, बीमार आदमी का खेत संभालना, ये तो सवाब का काम है." सवाब म्हणजे पुण्य. त्याचा गैरसमज माझ्या सोयीचा आहे.

नऊ नंबरला पाणी उरलं नाही. जमिनीला विश्रांती लागते.

४ डिसेंबर

चार पाळ्या दिल्या. वांग्यांनी माना वर केल्या. खुरपलं. मोकळ्या पट्ट्यात मेथी टाकली. ताब्याचा पुरावा म्हणून.

थंडी फार. बोटं वळत नाहीत. पण ज्या पहाटे शहादेवचं तोंड आठवतं, त्या पहाटे गजर वाजायच्या आत उठतो. लोक योगाला जातात. सूड त्याहून गुणकारी आहे. शुगर एकशे ऐंशीवरून एकशे चाळीस.

९ डिसेंबर

पहिली वांगी. अकरा. घरी नेली तर सौ. विचारणार, कुठली? देवळाच्या पायरीवर ठेवून आलो. दुपारी जानकीबाई पुजारीण सौ.ला सांगत होत्या की कुणीतरी पुण्यवान माणूस मारुतीला वांगी वाहून जातो. मी पेपर वाचत राहिलो.

सौ. हल्ली रोज संध्याकाळी बादली घेऊन देवळाकडे जाते. देऊळ धुते वाटतं. येताना साडीचा काठ ओला, हाताला माती. वय झालं की भक्ती वाढते. आपण अडवू नये.

१४ डिसेंबर, रविवार

मीटिंग. अजून चार आठवडे भरलेले नाहीत, गप्प बसलो. येताना नऊ नंबरवर नजर गेली. हिरवागार! पालक, कोथिंबीर, मुळे. वीस दिवस मी तिकडे फिरकलोही नाही. ऑक्टोबरमध्ये जे खणलं त्याचं हे फळ. काही माणसांच्या हाताला गुण असतो, तो दुरूनही लागतो. शहादेवला हे कोण सांगणार?

जेवायला पालकाची भाजी. आठवड्यात तिसऱ्यांदा. बाजारात स्वस्त झालेला दिसतो.

२२ डिसेंबर

चार आठवडे पूर्ण. वाफा नंबर एक कायद्याने माझा. जाहीर व्हायचं बाकी आहे, जानेवारीच्या मीटिंगला.

एका रोपाला कीड. मेडिकलच्या पोराने सांगितलेलं औषध न मारता निंबोळीचा अर्क केला, रात्रभर भिजवून. पानन् पान पुसलं. पाशाभाई म्हणाला, सगा भाई भी नई करता. भाऊ! मी त्याला सुनावणार होतो, पण मोटर चालू झाली.

२७ डिसेंबर

शहादेवचा फोन. उचलला नाही. शत्रूशी संवाद नको. परत आला. परत उचलला नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा सौ. म्हणाली, घ्या की. मी म्हणालो, रेंज नाही. घाबरला आहे तो. कुणीतरी सांगितलं असणार.

३ जानेवारी

सौ.ने विचारलं, तुम्ही पहाटे नक्की जाता कुठे? मॉर्निंग वॉक, म्हणालो. ती म्हणाली, नऊ नंबरकडे जाता का कधी? म्हणालो, रोज. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेला गोल केला. गॅसची तारीख असेल.

१० जानेवारी, शनिवार

भाषण तयार. आरशासमोर तीनदा म्हटलं. "शहादेवराव, बारा ऑक्टोबरला तुम्ही चारचौघांत मला म्हणालात की मला नुसता सातबारा द्या. आज मी सातबाराही घेतो आणि जमीनही. बसा." शेवटचं "बसा" हळू आवाजात म्हणायचं. हळू म्हटलं की जास्त लागतं.

नऊ नंबरचं काय करायचं? घराला एकच वाफा. मोठ्या मनाने सोडून देईन. वेटिंग लिस्टवर पहिली आहे उज्ज्वला सिस्टर, लेकुरवाळी नर्स. तिला देऊ. पेपरला बातमी द्यावी का?

शहादेव आलाय म्हणतात. वॉकरवर. उत्तम. समोर पाहिजेच होता.

११ जानेवारी, रविवार. दुपारी

क्रमाने लिहितो.

मी उठलो, ताबा सांगितला. पंचनामा, तारखा, पाळ्या, मेथी. पाशाभाईने साक्ष दिली. प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, नियमाप्रमाणे बरोबर आहे. मी शहादेवकडे वळलो आणि भाषण म्हटलं. "बसा"सकट. तो बसलेलाच होता.

त्याने कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाला, "मी असं कवा म्हनलो बा?" मी तारीख सांगितली. तो शेजारच्यांना विचारायला लागला, म्हनलो का? कुणालाच आठवेना. मी म्हणालो, सगळे हसलात तुम्ही! सईदा म्हणाली, शहादेवभाऊ बोले तो हसतेच हैं ना सब. शहादेव म्हणाला, "म्हनलो आसंल. गाडीत रोज पन्नास जणाला बोलायचो, सवय हाय. मनावर घेतलं का काय तुमी?" नव्वद दिवस! मला खाली बसावंसं वाटलं.

मग तो वॉकर धरून उभा राहिला. म्हणाला, पोरगं आता एकट्याला इकडं ऱ्हाऊ देईना, कायमचा पुण्याला चाललो. वाफा सोडायलाच आलतो. पाशाभाईनं फोनवर सांगितलं, सर्कलसाहेब थंडीत रोज तुमची वांगी जपतेत. "मला लई भरून आलं. तुमाला तीनदा फोन लावला, उचलंना गेले. मग मॅडमला आठ दिवसाखालीच सांगितलं, माझा वाफा बदली करून साहेबालाच द्या म्हनून."

मॅडम म्हणाल्या, हो, मी तसं लिहूनही ठेवलं होतं. साहेबांचा नऊ नंबर रद्द, त्याबदली एक नंबर. आज जाहीरच करणार होते. पण आता अडचण आहे. तुम्हीच आत्ता वाचलेल्या तारखांत आहे की चोवीस नोव्हेंबरपासून तुमच्या पाळीचं सगळं पाणी एक नंबरला गेलं. म्हणजे नऊ नंबर चार डिसेंबरला पडीक झाला.

मी म्हणालो, पडीक कसा? हिरवागार आहे!

तेव्हा सौ. उठली. वही काढली. माझीच जुनी, महसूल खात्याची. पाच डिसेंबर ते तीन जानेवारी, रोज संध्याकाळी दोन बादल्या घरून. पालक, मुळा, कोथिंबीर. साक्षीदार सईदा आणि जानकीबाई. खऱ्या सह्या, दोघींच्या दोन. म्हणाली, कसेल त्याचा वाफा. माझ्या नावावर करा.

झाला. एकमताने. आणि घराला एकच वाफा, म्हणून एक नंबर मला मिळत नाही. मी सौ.ला कानात सांगितलं, नऊ सोड, एक घेऊ. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, मी मुळे लावलेत, मी न्हाई सोडत. मी मॅडमना म्हणालो, खास बाब म्हणून काही करता येईल का? त्यांनी ठराव वाचून दाखवला. माझ्या अक्षरातला.

एक नंबर उज्ज्वला सिस्टरला गेला. वांग्यांसकट, मेथीसकट. बाईंनी विचारलं, किडीला काय मारता? निंबोळी, म्हणालो. पानं खालून पुसा. पाणी पहाटेच द्या. शेवटचं रोप जरा अशक्त आहे.

१२ जानेवारी, सोमवार

पहाटे पाचला उठलो. टोपी घातली. काढली.

शहादेव सकाळच्या गाडीने गेला. स्टँडवर मी गेलो नव्हतो. म्हणजे गेलो होतो, पण दुसऱ्या कामाला. त्याने खिडकीतून हात केला. मी बोर्ड वाचत होतो. गाडी वळल्यावर मीही केला.

आता कुणावर राग धरावा? प्रियदर्शनी मॅडमवर धरून पाहिला. अर्ध्या तासात उतरला. पाशाभाईवर धरता येत नाही, तो भेटला की चहा पाजतो. नियमावर धरावा तर अक्षर माझं.

१९ जानेवारी

शुगर एकशे सत्तर.

बागेच्या फाटकावर सदस्यांची नवी यादी लागली. नऊ नंबरसमोर: सौ. वनमाला. माझं नाव बाराही नंबरांत नाही. सदस्य नसणाऱ्याने खुरपं लावू नये असा नियम आहे. कुणाचा ते लिहीत नाही. मॅडमना विचारलं. म्हणाल्या, सदस्याला वाटलं तर ती घरातला एक सहसदस्य घेऊ शकते, आधी एक महिना शिकाऊ. अर्ज सदस्याकडे करायचा.

२० जानेवारी. सकाळी १०

अर्ज केला. दोन प्रतींत. विषय, संदर्भ, महोदया. अनुभवाच्या जागी लिहिलं: बत्तीस वर्षं, अधिक सात आठवडे वांगी.

सौ. भाकऱ्या थापत होती. कोपराने ओट्याकडे खूण केली. म्हणाली, तिथं ठेवून जा, पुढच्या सोमवारी या.