मागे सूं वाजणारा प्लेअर

ता. ९ जानेवारी

चि. ठोक्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हातात फोन असताना माणूस पत्र लिहितो म्हणजे एक तर तो प्रेमात पडलेला असतो, नाही तर काहीतरी लपवत असतो, असं तुझे भावजी म्हणाले. मी म्हटलं, आमचा ठोक्या लहानपणी घरातली भांडी ठोकून त्यांचे आवाज ऐकत बसायचा, त्याला प्रेमात पडायला सवड कुठली! पण तू तीनदा फोन उचलला नाहीस, आणि मग हे पत्र आलं. माझं मन जरा चुकचुकलं, ते लिहून टाकते आणि सोडून देते.

कुणाचा तरी फोन चादरींबरोबर पिळणी यंत्रात गेला आणि तेव्हापासून तुमच्या धुलाई कारखान्यात सगळ्यांचे फोन फाटकावर जमा होतात, हे वाचून कन्या हसून लोळली. मामाला विचार, फोन स्वच्छ निघाला का, म्हणते. तर सुट्टीच्या खोलीत आणि झोपताना ऐकायला स्वस्तातला म्युझिक प्लेअर बघून पाठव, हे तुझं काम मी अंगावर घेतलं.

छापखान्यात एका दुकानाच्या माहितीपत्रकाची प्रुफं मी तपासली होती. त्या ओळखीवर दुकानदाराने तीन प्लेअर घरी बघायला दिले. मग मी परीक्षा मांडली. इयरफोन एकच, गाणं एकच, खिडकी आणि पंखा बंद. डोळ्यांवर रुमाल बांधला आणि कन्येला बजावलं, कुठला लावतेस ते बोलायचं नाही. उगाच रंगाला भुलायला नको. भावजी दारातून म्हणाले की लग्न ठरवताना हिने एवढी तपासणी केली असती तर आपण काही पास झालो नसतो.

निळा छोटा आहे, खिशाला चिमट्याने अडकतो. त्याला पडदा नाही, गाणी मनाला येईल त्या क्रमाने लावतो, आणि ढोल असा वाजवतो की कुणी रिकामं पिंप बडवतंय. गाणारी बाई बिचारी शेजारच्या खोलीत गेल्यासारखी वाटते. राखाडीची बॅटरी सगळ्यांत जास्त चालते, त्याला कार्ड घालता येतं, रेडिओही आहे. पण त्याच्यात मागे सतत एक बारीक सूं वाजतं. गाणं थांबवलं तरी ते थांबत नाही, पार बंद केल्यावरच जातं. तो मी पहिल्या फेरीतच बाद केला. काळा सगळ्यांत चांगला. अंगठ्याएवढा पडदा, अंधारात चाचपून सापडतील अशी बटणं, जिथे थांबवावं तिथूनच पुन्हा सुरू होतो. आणि दोन गाण्यांच्या मध्ये इतका शांत, की खोल विहिरीत डोकावल्यासारखं वाटतं.

तोच पाठवते आहे. एक मात्र कळलं नाही. गाणी कुठली भरू हे तू लिहिलंच नाहीस; तुझे प्रश्न होते, रात्रभर चालेल का, एकाच कानात लावता येईल का, आणि दोन गाण्यांच्या मध्ये काय वाजतं. मध्ये काय वाजणार?

जेवणाकडे लक्ष दे. लोभ आहे, तो पत्रातूनच का होईना, चालू ठेव.

तुझी ताई

ता. २४ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

प्लेअर मिळाला. दिसायला देखणा आहे, गाणी स्वच्छ येतात. परीक्षा वाचून मजा वाटली. भावजींना सांग, पास झालेत ते ग्रेस मार्कांवर. फोन कामातून गेला तो गेलाच, त्याच्या आत कुणाच्यातरी उशीच्या खोळीचा धागा अडकला होता, एवढं कन्येला कळव.

रागावू नकोस, पण एक विनंती आहे. हा परत घेऊन दुकानदार तो राखाडी देईल का? तू बाद केलास तोच. बॅटरी जास्त चालते असं तू लिहिलं आहेस, म्हणून. काळ्यात काही खोट नाही, पण तो फारच शांत आहे. गाणं संपतं आणि दुसरं सुरू होईपर्यंत जे असतं ते मला नको वाटतं. सवयीचा भाग असेल. दिवसभर यंत्रांत वावरणारा माणूस मी.

फोनवर बोलू असं लिहू नकोस. खोलीत रेंज धड नसते.

बाकी ठीक. झोप थोडी कमी आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा.

तुझा ठोक्या

ता. ३ फेब्रुवारी

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

राखाडी प्लेअर सोबत आहे. दुकानदार म्हणाला, चांगला देऊन डावा नेणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं. मी हसले, पण रस्ताभर मला भीती वाटत राहिली. कशाची, ते घरी येईपर्यंत कळलं नाही.

प्लेअर पाठवण्याआधी मी तो कानाला लावून बसले. गाणं लावलं नाही, नुसतं ते सूं ऐकलं. चांगल्याला नाही म्हणून हे मागून घेणाऱ्याला काय हवं असेल, हे मला समजून घ्यायचं होतं. मग स्वयंपाकघरात कन्येने नळ सोडला, आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. कुठला कुठला ते सांगता येईना.

तुला धाकटे काका आठवतात का? तू फार लहान होतास. ते न्हाणीघरात स्टुलावर बसायचे, नळ सोडून. बाबा येऊन नळ बंद करायचे, काका पुन्हा सोडायचे. डोक्यात काहीतरी किंचाळतं, असं ते म्हणायचे. पुढे त्यांना कुठेतरी नेऊन ठेवलं आणि घरात त्यांचं नाव निघेनासं झालं. आपल्याला एवढंच सांगितलं की काकांना वेड लागलं. त्यांची हयात पत्रे ठोकण्याच्या कारखान्यात गेली, हेही मला ठाऊक होतं. पण तो कारखाना आणि तो नळ मी आज पहिल्यांदाच शेजारी शेजारी ठेवले.

मी घाबरट आहे, नसत्या शंका काढते, हे तू म्हणशीलच. माझी शंका खोटी ठरली तर पोटभर हस, मी तुझ्याबरोबर हसेन. पण विचारते. तुला काही ऐकू येतं का रे? कुणालाच येत नाही असं? फोन तू रेंजमुळे टाळतोस, की माझं बोलणं तुला नीट लागत नाही म्हणून?

उत्तर लगेच लिही. वाईट असलं तरी चालेल, पण तुझं असू दे.

तुझी ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

हो.

थंडी सुरू झाली तेव्हापासून उजव्या कानात एक बारीक शिट्टी वाजते आहे. थांबत नाही. कामावर यंत्रांच्या आवाजात बुडते, खोलीवर आलो की वर येते. खोली जितकी शांत तितकी ती मोठी. एकदा शेजारच्या खोलीतला रेडिओ स्टेशनवरून सरकला आणि नुसती खरखर आली, तेव्हा मला कितीतरी दिवसांनी झोप लागली. म्हणून प्लेअर मागितला. खरं कारण लिहायची हिंमत झाली नाही, कारण नळ मलाही आठवतो. मी तेवढा लहान नव्हतो ताई. तुझं पत्र वाचेपर्यंत मी स्वतःला हेच सांगत होतो की आता माझी पाळी.

राखाडीने काम केलं. त्याच्या सूंमध्ये शिट्टी पुरती जात नाही, पण बाजूला सरून बसते.

पण खरी भीती वेगळीच आहे, ती अजून कुणाला सांगितलेली नाही. माझं काम तुला माहीत आहे. पिळणी यंत्राचा ड्रम ओल्या चादरी घेऊन भन्नाट फिरतो. त्याचं बेअरिंग खराब होऊ लागलं की आधी बारीक आवाज देतं. पोलादी सळईचं एक टोक यंत्राला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावून तो आवाज पकडायचा, यासाठी मला ठेवलेलं आहे. बेअरिंग फिरता फिरता तुटलं तर ड्रम जागेवर राहत नाही. आणि तीन नंबरच्या ड्रमपाशी दिवसभर आमच्या कारखान्यातल्या मावशी उभ्या असतात, चादरी भरायला.

ताई, तो बारीक आवाज आणि माझी शिट्टी अगदी एकसारख्या आहेत. मी दोनदा यंत्र थांबवून खोललं. आत सगळं नव्यासारखं. सगळे हसले, फिटरचे कान वाजतात म्हणाले. तेव्हापासून आवाज आला तरी मी थांबवत नाही, सळई लावतो आणि ठीक आहे म्हणून पुढे जातो. साहेबांना सांगितलं तर कान वाजणाऱ्या फिटरला कोण ठेवील? मला दुसरं काही येत नाही.

लोभ कमी करू नकोस.

ठोक्या

ता. १७ फेब्रुवारी

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून मी चार उत्तरं लिहून फाडली. एकात तुला गप्प राहा असं लिहिलं होतं. तेही मीच लिहिलं, माझ्याच हाताने, हे तुला कळलेलं बरं. तुझी नोकरी जाईल ही भीती मला तुझ्याइतकीच आहे. आणि मी हे लिहिते आहे ते कागदांच्या खोलीत बसून, जिथे चूक झाली तर एखादा शब्द बिघडतो, माणूस नाही. तुला शहाणपण शिकवायचा मला काय अधिकार?

तरी सांगते, साहेबांना सांग. तुला वेड लागलेलं नाही. कान दुखावलेत, आणि त्याला डॉक्टर असतात. पण तू ठीक आहे म्हणून पुढे जातोस त्या प्रत्येक वेळी मावशी तिथे उभ्या असतात.

सांगण्याआधी स्वतःची खात्री हवी असेल तर मी प्लेअरशी केलं तसं कर. तू बघायचं नाहीस, यंत्रं दुसऱ्या कुणी चालवायची, आणि तुला आवाज आला की हात वर करायचा. मग कळेल, यंत्रातलं काय आणि कानातलं काय. पण जे निघेल ते निघेल, बरं का. नको असलेलं उत्तर आलं म्हणून परीक्षा पुन्हा घ्यायची नाही.

वाट बघते. माझा जीव तिथेच आहे असं समज.

तुझी ताई

ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. पाळी संपल्यावर मावशींना थांबवून घेतलं. कशासाठी ते सांगितलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. त्यांनी मनाला येईल त्या क्रमाने एकेक रिकामा ड्रम फिरवायचा, आणि मला बेअरिंगचा आवाज आला की मी हात वर करायचा. मावशी म्हणाल्या, या वयात लपाछपी खेळायची तर आधी चहा पाजा.

मी एकदाच हात वर केला. वळून बघितलं तर एक नंबर. त्याचं बेअरिंग मी मागच्याच महिन्यात नवं बसवलं होतं. मावशी कोड्यात पडल्या. म्हणाल्या, याच्यात कुठे काय आहे, चिवचिव करतो तो तीन नंबर, मगाशी फिरवला तेव्हा तुम्ही हलला सुद्धा नाहीत. मी विचारलं, कधीपासून करतो? म्हणाल्या, बरेच दिवस झाले. मग सांगितलं का नाही, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळा. म्हणाल्या, तुम्ही रोज सळई लावून ठीक म्हणून जाता, मग मी कोण बोलणारी?

तिथेच खोललं. गोळ्यांना धरून ठेवणारी पितळी कडी दोन ठिकाणी तडकलेली, ग्रीसमध्ये पितळेचा चुरा चकाकत होता. पुढचे नट मला सोडवेनात, पाना मावशींनी धरला. नसलेला आवाज ऐकू येतो याला मी भीत होतो. असलेला ऐकूच येत नाही, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

बेअरिंग फडक्यात गुंडाळून तसाच साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी फडकं उलगडून कडी बघितली. मग म्हणाले, कानांची तपासणी होईपर्यंत एकाही यंत्राला हात लावायचा नाही, पुढचं त्यानंतर बघू. पुढचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

तपासणी नऊ मार्चला आहे. काचेची बंद खोली असते. बाहेरचं काही ऐकू येत नाही. आत एकट्याने बसायचं, कानात बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. ताई, तेवढ्या शांततेत मी आणि ती शिट्टी दोघंच असणार. मला बसवणार नाही. तू येशील का? काचेपलीकडे मला दिसशील अशी बस, म्हणजे बसेन.

तुझा ठोक्या

ता. ३ मार्च

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

येते आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी पोहोचेन. भावजी आणि कन्या घर सांभाळतील, निदान तसं म्हणताहेत.

तुझं पत्र मी भावजींना वाचून दाखवलं, मावशींनी पाना धरला तिथपर्यंत. पुढचं मला वाचवेना, त्यांनी वाचलं.

काचेपलीकडे बसेन, तुला दिसेन अशी. पण एक आधीच सांगून ठेवते, तिथे गेल्यावर वाईट वाटून घेऊ नकोस. आवाज सोडणाऱ्या माणसाचा हात मला बाहेरून दिसेल, आणि माझा चेहरा काही लपवू शकत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तू माझ्याकडे बघून बटण दाबशील. मुद्दाम नाही, पण दाबशील, आणि मीही नकळत तुला सांगून टाकेन, कारण तू पास व्हावंस असं मला फार वाटतं.

म्हणून मी पाठ करून बसेन. माझी पाठ तू ओळखतोस.

तुझी ताई