गाडी नको, तांदूळ पाठवा

वडगाव, बेळगाव
दिवाळीनंतरचा पहिला सोमवार

ती. मष्णूअण्णा यांस,

थोरल्या मेव्हण्यांना शामूचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. गुडघे ताठ ठेवून पायाचे अंगठे धरायला मी हल्ली शिकलो आहे. कुठे आणि कशासाठी, ते पुढे येईलच.) रीतीने पाहिलं तर मी तुमच्या घरचा जावई, म्हणजे मान माझा, पण उंची, वजन आणि आवाज तुमचा, त्यामुळे नमस्कार आधी मीच घालून टाकतो. वहिनींचा खोकला गेला का? म्हैस व्याली का? रेडा झाला असेल तर कळवू नका, मंगल उगाच हळहळत बसते. फोन करता आला असता, पण तुमच्याकडे रेंज फक्त देवळामागच्या फणसाखाली येते, आणि तिथे उभे राहून तुम्ही एवढ्या मोठ्याने बोलता की समोरच्याला ऐकण्यापलीकडे काही काम उरत नाही. या वेळी मला बोलायचं आहे. म्हणून पत्र.

विषय तुम्ही ओळखला असेलच. गणपतीत तुम्ही आलात, आपल्या बहिणीला खाटेवरून एका हाताने उचलून खुर्चीत ठेवलंत (दुसऱ्या हातात मोदक होता, तो सांडला नाही), आणि माझ्याकडे नखशिखान्त बघून म्हणालात, "दाजी, हे काय तुमच्यानं व्हायचं न्हाय. भाताची सुगी उरकली की गाडी घेऊन येतो आन् मंगलला जांबोटीला नेतो. आम्ही घरात चौघं दांडगे हाय." त्यात माया होती हे मला कळतं. आणि खोटंही काही नव्हतं, हीच तर अडचण. तेव्हापासून रस्त्यावरून भाताच्या पिंजराने भरलेली ट्रॉली गेली की मी उरलेले दिवस मोजायला लागतो. लोक सुगीची वाट बघतात; मी यंदा देवाला म्हणालो, जरा उशिराच होऊ दे.

इथली परिस्थिती तुम्ही बघून गेलात, तरी पुन्हा सांगतो. आषाढात मंगल परसातल्या पायरीवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई बसली. आता डॉक्टर म्हणतात हाड जुळलं आहे, आधार धरून पाय टेकायला हरकत नाही. व्यायाम करून घ्यायला सुवर्णा मॅडम येतात, त्या रोज विनवतात, कधी ओरडतात. पण मंगल पाय टेकत नाही. जमिनीकडे ती विहिरीत वाकून बघावं तशी बघते. तिच्या मनात एकच बसलंय की टेकला की मोडला. तेव्हा खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, सगळं उचलून. आणि उचलणारा कोण? तर मी. आयुष्यभर मागापुढे बसून साड्या विणल्या. बोटं तेवढी चपळ राहिली, बाकीच्या शरीराने कधी कामाचं नावच घेतलं नाही. सदरा वाळत घातला काय आणि मी घातला काय, लांबून सारखंच दिसतं, असं मंगलच म्हणते.

त्यामुळे शेजारचा युवराज यायचा. गुणी मुलगा, हाक मारली की माग बंद करून येतो, "काकू, चला," म्हणतो आणि अलगद उचलतो. मला वाटलं होतं, सोय झाली. मग एकदा लक्षात आलं की खाटेशेजारचा तांब्या सकाळी भरून ठेवतो तो संध्याकाळी तसाच असतो. विचारलं तर म्हणाली तहान लागत नाही. अण्णा, खरं कारण तिने फार उशिरा सांगितलं. पाणी प्यायलं की न्हाणीत जावं लागतं, न्हाणीत जायचं तर युवराजला हाक मारावी लागते. दुसऱ्याच्या पोराने उचलून न्यायचं याची लाज वाटून बाई पाणी तोडत होती. मला त्या दिवशी स्वतःच्या दंडांची जेवढी चीड आली तेवढी कधीच कोणाची आली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी जिममध्ये नाव घातलं.

आमची जिम पिठाच्या गिरणीच्या माडीवर आहे. (खाली दळण, वर बळ, असं मीच म्हणालो होतो, कोणी हसलं नाही.) चालवणारा मल्लाप्पा गोकाककडचा. मानेचा पत्ता नाही, खांद्यांवर थेट डोकं ठेवलेलं, पण माणूस लोण्यासारखा. मला बघून त्याने आधी विचारलं की कोणाला सोडायला आलात. मी सांगितलं, मीच आलोय, बायकोला उचलायचं आहे. त्यावर तिथली पोरं खिदळली, पण मल्लाप्पा हसला नाही. त्याने माझं वजन केलं, रक्ताचा कागद मागितला. त्यात साखर थोडी जास्त निघाली. डॉक्टर म्हणाले होते, अजून मधुमेह नाही, सीमेवर आहे. आपल्याकडे सगळंच सीमेवर, तिथे साखरेने तरी वेगळं का वागावं! तर तो कागद बघून मल्लाप्पा बराच वेळ कानडीत बोलला. आता तुम्हाला माहीत आहे, मी मूळचा येळ्ळूरचा. बाजारात भाव करण्यापुरती सोडली तर कानडी शिकायची नाही असं आमच्या घरात ठरलेलंच होतं, आणि ते व्रत मी इमानाने पाळलं. त्यामुळे त्याच्या बोलण्यातलं एकच वाक्य मला लख्ख कळलं: "रात्री अन्ना कडिमी माडरी." पुढचं वाक्य कोणा पोराने धाडकन टाकलेल्या लोखंडाच्या आवाजात बुडालं. मी मात्र खूश झालो. अन्न कमी करा. एवढी कानडी आपल्याला येते म्हणजे काय!

आणि केलं. नुसतं रात्रीचं का, म्हटलं, आपल्याला घाई आहे, दिवसाचंही करू. वजन वाढवायला अन्न कमी, हे थोडं विचित्र वाटलं, पण डॉक्टर ताप उतरवायला सुई टोचतात, ते तरी कुठे सरळ आहे? त्यात आमची लेक सौम्या निपाणीहून, सासरी बसल्या बसल्या, मोबाईलवर एकेक व्हिडिओ पाठवत होती. एका व्हिडिओत एक गोरापान पोरगा दंड फुगवून सांगत होता की कार्ब्स म्हणजे विष, भात सोडा, पोळी सोडा. दुसऱ्यात तसाच दुसरा पोरगा सांगत होता, कार्ब्सशिवाय दंड वाढणारच नाही. मी पहिल्यावर विश्वास ठेवला, कारण तो मल्लाप्पाशी जुळत होता. (मंगलने कार्ब्स म्हणजे काय विचारलं. मी म्हटलं, भात, पोळी, भाकरी, साखर. ती म्हणाली, मग जेवण म्हणजे काय?) अंडी आणि मोडाची मटकी तेवढी खायचो, तीही मोजकी. सकाळी माडीवर लोखंड उचलायचं आणि खालून गरम ज्वारीच्या पिठाचा वास वर यायचा. एका गिऱ्हाइकाचा डबा मी जिन्यात उघडून नुसता हुंगला, हे कुणाला सांगू नका. वजन वाढायच्या ऐवजी उतरत गेलं. मल्लाप्पा काट्यावर उभा करायचा, काट्याकडे बघायचा, मग काटा उचलून झटकायचा.

एका दुपारी युवराज संकेश्वरला लग्नाला गेलेला. मंगलला न्हाणीत जायचं होतं, ती थांबते म्हणाली, मी म्हटलं थांबायचं नाही, आता मी आहे. मल्लाप्पाने शिकवलं तसा वाकलो, पाठ ताठ ठेवली, तिचे हात गळ्यात घेतले, उचललं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. अण्णा, आता दोघंही पडतो, तिचं हाड पुन्हा मोडतं आणि तुमची गाडी दारात येते, एवढं सगळं मला त्या एका क्षणात दिसलं. पण पडलो नाही. कसे सावरलो देव जाणे; खाटेच्या काठावर दोघं शेजारी शेजारी बसलेले होतो एवढं आठवतं. मंगलचा चेहरा पांढराफटक. तिने विचारलं, "सकाळपासनं काय खाल्लंय?" मी सांगितलं. तिने का ते विचारलं. मी मोठ्या ऐटीत मल्लाप्पाचं वाक्य म्हणून दाखवलं.

ती हसायलाच लागली. सुताच्या कांड्या भरायच्या कारखान्यात तिची अर्धी हयात कानडी बायकांत गेली, तिला सगळं येतं. आषाढापासून या घरात ते हसणं नव्हतं. डोळे पुसत म्हणाली, "अवो, कानडीत अन्न म्हंजे भात! रातीचा भात कमी करा म्हणतोय त्यो. जेवू नका न्हाय म्हणत!" परका शब्द असता तर मी चार जणांना विचारलं असतं. ओळखीचा वाटला म्हणून विचारलं नाही. माणसांच्या बाबतीतही आपलं असंच होत असावं.

मग मंगलने मल्लाप्पाला फोन लावला आणि दोघांचं कानडीत सविस्तर ठरलं. (मी मधूनमधून मान हलवत होतो.) आता व्यायामाला जाण्याआधी चुरमुरे आणि एक केळं, कारण ते लवकर पचून अंगाला लागतं. व्यायाम करून आलो की डाळ-भात, अंडी, उसळ. रात्री साखर सीमेवर असल्यामुळे भाताऐवजी ज्वारीची भाकरी, नाहीतर नाचणीची, कधी उकडलेली रताळी. ती हळूहळू पचतात. मैदा, शेव आणि खव्याचा कुंदा बंद. बेळगावात राहून कुंदा बंद म्हणजे जरा जास्तच झालं, पण मंगलपुढे बोलायची सोय नाही. मला ते सगळं पटलं ते मागामुळे. अंडी-मटकी म्हणजे सूत, भात-भाकरी म्हणजे करंट. पण सुताचे ढीग असून करंट नसेल तर कापड कुठून निघणार? मी तर करंटच तोडून बसलो होतो, आणि वर चुलीत सूतच जाळत होतो. वीज गेली की आम्ही विणकर वीज कंपनीला शिव्या घालतो. इथे मी कोणाला घालू?

आणि आता आनंदाची गोष्ट. मी मंगलला उचलतो. रोज, एकटा. ती आता पोटभर पाणी पिते, तांब्या दोनदा भरावा लागतो. युवराज येतो, पण चहा प्यायला. गंमत म्हणजे जिममधलं लोखंड अजून होतं तेवढंच जड लागतं, मल्लाप्पा वजन वाढवू देत नाही. मंगल मात्र मला दर आठवड्याला हलकी होत चालली आहे. मल्लाप्पाला याचं कारण विचारलं तर तो मिशीत हसतो आणि म्हणतो, कार्बु, कार्बु.

तेव्हा अण्णा, हात जोडून विनंती, गाडी आणू नका. तुमच्या घरी तिला काही कमी पडणार नाही हे मला माहीत आहे. कमी इथे पडेल. माग बंद केल्यावर घरात जी शांतता होते ती तिच्या बडबडीने भरते, आणि मला त्या शांततेची भीती वाटते. मी तिला सांभाळू शकतो, असं म्हणायला आता माझ्याजवळ दंड आहेत. फार नाहीत, पण आहेत.

आपला,
शामू

ता. क. भाताला मल्लाप्पाची दिवसा परवानगी असल्यामुळे आपल्या शेतातला जुना तांदूळ, फार पॉलिश न केलेला, बसने पाठवावा. सोबत रताळी असल्यास उत्तम.

ता. क. दुसरा. पत्र जांबोटीच्या बस ड्रायव्हरकडे देतो आहे. सोबत कुंद्याचा डबा आहे, तो दिवाळीचा समजावा. घरात ठेवला तर मी खाईन. डबा थोडा हलका वाटल्यास आश्चर्य मानू नये.

ता. क. तिसरा. मंगल म्हणते, दोन ओळी मलाही लिहायच्या आहेत आणि पाकीट मीच चिकटवणार. मी माग सुरू करायला जातो.

अण्णा,

ह्यांनी वर काय लिवलंय ते मी वाचलं न्हाय, पन मला ठावं हाय. त्या दुपारी ह्यांना चक्कर आली, तवा मी दोन्ही पाय टेकले. माझं हाड इसरलेच मी, हे पडतील एवढंच दिसत व्हतं. पाय मोडला न्हाय, काय न्हाय. तवापासनं हे उचलाय वाकले की मी पाय रोवून निम्मी आपणच उठते. सुवर्णा मॅडमला ठावं हाय, युवराजला हाय, मल्लाप्पाला बी मीच सांगितलंय. ह्यांना तेवढं सांगू नको.

तू मला एका हातानं उचलतोस. तुझ्याकडं आले असते तर जल्मात पाय टेकायची पाळी आली नसती. तवा गाडी आणू नको. तांदूळ मातर जास्ती पाठव, हे लई खाय लागलेत.

मॅडम म्हणतात संक्रांतीपतूर काठी घेऊन चालाय लागशील. लागीन. पन त्येच्या पुढं बी थोडे दिस ह्यांच्याकडनं उचलून घीन म्हणते.

मंगल