काचेच्या लिखा

सोमवार, ३
कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलात रविवारी ताई मला उन्हात बसवून बारीक फणीने उवा काढायची, लिखा दोन नखांत चिरडायची. आज तेच आठवलं, कारण नव्या नोकरीत हाती आलेला काचेचा तंतू अगदी केसासारखा आहे. त्याचं वरचं आवरण सोलायचं, मग तो स्पिरिटने पुसायचा. या वयात मला कुणी कामावर घेतलं म्हणून ताईने शेजारणींना बोलावून चहा पाजला.

कारखान्यातले प्रमुख, सगळ्यांचे दादा, त्यांनी हौसेने समजावलं. तंतूत समान अंतरावर खुणा कोरल्या की ठरावीक रंगाचा प्रकाश तिथून मागे फिरतो. दोन टोकांना अशा खुणा आणि मधे खास काच असली, की तो येरझारा घालत वाढत जातो. मी म्हटलं, सासर-माहेर करत गुटगुटीत झालेल्या लेकीसारखा. दादा म्हणाले, मावशी, हे मोठ्या साहेबांसमोर बोलू नका.

गुरुवार, ६
भिंगाखाली एका तंतूवरच्या खुणा फुगलेल्या होत्या. कोरलेल्या नव्हे, चिकटलेल्या. जुन्या सवयीने एक नखांत दाबली. टचकन फुटली. काचेतून पिवळट पू आला, कुजक्या अंड्याच्या वासाचा. दादा म्हणाले, डिंक असेल. हात कितीदा धुतले, तरी वास गेला नाही; डबा तसाच परत आणला.

रविवार, ९
डोकं खाजतंय. ताईने उन्हात बसवलं. म्हणाली, म्हातारी झालीस तरी तुझ्या उवा मीच काढायच्या का गं? केसांवर लिखा, समान अंतरावर. मी नको म्हणेपर्यंत तिने चिरडल्याही.

मंगळवार, ११
आता ताईच्याही केसांत. आम्ही एका खोलीत आलो की तिच्या लिखा लाल उजळतात, मग माझ्या, मग पुन्हा तिच्या. दर फेरीला जाड होतात. आज एक फुटून तिच्या कपाळावरून ओघळली. ओली. हलणारी.

बुधवार
कारखान्यात असेपर्यंत विझलेल्या. घरात पाऊल टाकलं आणि — तिच्या पापण्यांवरही. केस कातरले, तर मुळांतून ते — शी —

गुरुवार
एक टोक काढलं की प्रकाश वाढत नाही. दादाच म्हणाले होते. आमच्यातलं एक टोक मी, म्हणून घरी जात नाही. कारखान्याच्या मागच्या खोलीत, आतून कुलूप. दुसरी किल्ली दादांकडे.

दादा, ही वही तुम्हाला. शाळेतलं पदक भाचीला. शाल ताईला, उकळत्या पाण्यातून काढून. फणी कुणालाच नको, जाळा. ताईला इथला पत्ता —

माझ्या केसांत उजेड पडलाय. म्हणजे ती आली. बाहेर तिची हाक, लाडाची, हॉस्टेलातली —

दादा, तिला काहीही द्या, फक्त किल्ली